नागरी प्रश्नोत्तरे : परवान्यांचे काम करणाऱ्या अभियंत्याने महापालिकेत जावे का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सांगलीत राहते. वय 47. मी स्थापत्य अभियंता असून गेली 21 वर्षे माझे स्वतःचे कार्यालय आहे. घरांचे नकाशे, बांधकाम परवाने, भोगवटा प्रमाणपत्रे, गुंठेवारीच्या (गुंठ्या-गुंठ्याने विनापरवाना विकलेल्या भूखंडांच्या नियमितीकरणाच्या) फायली आणि बांधकामावरची देखरेख हे माझे रोजचे काम. आमचे घर शामरावनगरच्या बाजूला आहे. पाऊस लागून राहिला की आमच्या गल्लीतील पाणी दोन-दोन दिवस हलत नाही. शेजारी एक वृद्ध बाई एकट्या राहतात. त्यांनी घर बांधले तेव्हा जोते रस्त्यापासून दोन फूट वर होते. आता रस्ताच त्यांच्या उंबऱ्याच्या वर गेला आहे आणि जूनपासून त्या दाराला वाळूची पोती लावून बसतात. 'तुम्हाला यातले कळते, तुम्हीच उभ्या राहा,' असे गल्लीतील लोक मला म्हणू लागले आहेत. दोन पक्षांकडूनही विचारणा झाली. पतीची हरकत नाही, पण सासरे म्हणतात की चांगला चाललेला व्यवसाय बुडेल आणि वर लोकांची बोलणी खावी लागतील. माझा व्यवसाय उमेदवारीच्या आड येतो का? पक्षाकडून लढावे की अपक्ष? आणि एकटी व्यावसायिक व्यक्ती सभागृहात जाऊन खरोखर काही करू शकते का? कृपया नाव प्रसिद्ध करू नये.

उत्तर : तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर 'नाही' असेल तर पहिल्या दोन प्रश्नांना अर्थ उरत नाही. उत्तर 'होय' असे आहे, आणि ते मी ऐकीव माहितीवर देत नाही. माझी नोकरी एका महापालिकेच्या नगरसचिव विभागात गेली. महासभेचे इतिवृत्त लिहिणे हे माझे काम होते. एकदा सभेपुढे एका मोठ्या गटारीचा विषय आला. निधी मंजूर होता, निविदा झाली होती, सगळ्या पक्षांचे एकमत होते. तेव्हा मागच्या बाकावरचे एक सदस्य उठले. भूमापनाच्या नोकरीतून निवृत्त झालेले ते गृहस्थ वर्षभरात फार तर चार-पाच वेळा बोलले असतील. त्यांनी एवढेच विचारले, 'ही गटार शेवटी ज्या नाल्याला मिळणार आहे, त्या नाल्याचा तळ गटारीच्या तळापेक्षा खाली आहे का?' अधिकाऱ्यांनी फाईल चाळली, मग दुसरी फाईल मागवली, आणि शेवटी 'पातळ्या पुन्हा तपासून घेतो' असे सांगितले. विषय तहकूब झाला. इतिवृत्तात मी त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या. पुढे आराखडा बदलला आणि गटारीचे तोंड दुसरीकडे काढण्यात आले. तो प्रश्न विचारला गेला नसता, तर लोकांच्या पैशातून उलट्या उताराची गटार बांधली गेली असती आणि पुढची वीस वर्षे त्या भागातील लोक तिच्यातला गाळ उपसत राहिले असते.

तुमच्या शेजारणीच्या उंबऱ्याचा प्रश्न याच जातीचा आहे. रस्त्याचे अंदाजपत्रक मंजूर होताना त्यात जुना थर खरवडून काढण्याची बाब धरलेली आहे की नाही, हे सभागृहात सहसा कोणी पाहत नाही. लांबी, रुंदी आणि रक्कम पाहिली जाते. ती बाब नसली की थरावर थर चढतो, आणि दहा-पंधरा वर्षांत अख्खी गल्ली रस्त्याच्या खाली जाते. हे तुम्हाला अंदाजपत्रक हातात घेताच दिसेल. आपल्याकडे तर पाण्याचा प्रश्न पावसाच्या पाण्यापुरता नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट धरतात. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले, आणि त्याआधी 2005 मध्ये व त्यानंतर 2021 मध्येही शहराने महापूर पाहिला. नदी चढली की शेरी नाल्यासारख्या वाटांनी पाणी उलटे शहरात शिरते, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. अशा शहराच्या सभागृहात उतार, पातळी आणि पूररेषा यांची भाषा समजणारी माणसे असायलाच हवीत, असे माझे ठाम मत आहे.

मात्र नगरसेवकाच्या अधिकाराबद्दल मनात गैरसमज ठेवून जाऊ नका. महापालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेविका बांधकाम परवान्यावर सही करत नाही, ठेकेदाराचे देयक काढत नाही, शाखा अभियंत्याची बदलीही करू शकत नाही. तिचे बळ महासभेत आणि समित्यांत असते: ठरावात, उपसूचनेत, लेखी प्रश्नात आणि अंदाजपत्रकावरच्या चर्चेत. आयुक्त अंदाजपत्रक 16 सदस्यांच्या स्थायी समितीपुढे ठेवतात आणि तिथून ते महासभेकडे येते. तुमच्या प्रभागातील गटारीला वर्षभरात पैसे मिळणार की नाहीत, याचा निकाल बहुतेक त्याच दिवसांत लागतो. विषयपत्रिका हाती आली की ती घरी बसून, पेन्सिल घेऊन वाचावी लागते, आणि 'ऐनवेळचे विषय' म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत जे पुढे येते, त्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष ठेवावे लागते. माझ्या अनुभवात वादाचे ठराव बहुधा त्याच दाराने आत येत.

आता तुमच्या व्यवसायाविषयी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 10 नुसार, महापालिकेशी झालेल्या कोणत्याही करारात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, ती व्यक्ती काही मोजके अपवाद वगळता अपात्र ठरते. तेव्हा तुमचे किंवा तुमच्या भागीदाराचे नाव महापालिकेच्या सल्लागारांच्या यादीत असेल, एखाद्या सरकारी इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचे काम महापालिकेकडून घेतलेले असेल किंवा जुन्या कामाचे देयक अडकलेले असेल, तर त्याचा सोक्षमोक्ष अर्ज भरण्यापूर्वी लावा आणि ती सगळी कागदपत्रे निवडणुकीची कामे करणाऱ्या वकिलांना दाखवा. याच कलमात थकबाकी आणि अनधिकृत बांधकामाची तरतूद आहे. महापालिकेने विशेष नोटीस बजावल्यावर तीन महिन्यांत देणे भागवले नाही, तर अपात्रता येते. तसेच नगरसेविकेने स्वतः, तिच्या पतीने किंवा तिच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने बेकायदा बांधकाम केले, तर पद जाऊ शकते. लोकांच्या घरांचे नकाशे काढणाऱ्या अभियंत्याच्या स्वतःच्या कार्यालयाची गॅलरी विनापरवाना बंद केलेली निघाली, तर विरोधकांना दुसरा मुद्दा शोधावा लागत नाही. म्हणून आधी स्वतःच्या घराचा आणि कार्यालयाचा मंजूर नकाशा काढून प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहा.

खासगी ग्राहकाच्या वतीने परवान्याचा प्रस्ताव दाखल करणे हा महापालिकेशी केलेला करार नव्हे. तरी परवानाधारक अभियंता असणे याच कलमाखाली उमेदवारीच्या आड येते का, हेही त्याच वकिलांकडून आधी तपासून घ्या. पण माझी खरी काळजी इथेच सुरू होते, आणि तुमच्या सासऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे तेही इथेच. तुम्ही निवडून आलात की दुसऱ्या दिवसापासून तुमच्या कार्यालयातील गर्दी वाढेल. व्यवसाय बुडणार नाही, उलट नको तितका फोफावेल. येणाऱ्या माणसाला तुमच्या हातचा नकाशा नको असतो, त्याला नगरसेविकेच्या हातची फाईल हवी असते. आणि नगररचना विभागातील जो अधिकारी तुमचा प्रस्ताव तपासणार, त्यालाच तुम्ही दुपारी महासभेत जाब विचारणार. तो तुमची फाईल अडवणार नाही, आणि तुम्ही त्याला फार टोचून विचारणार नाही. कोणी कोणाला पैसा देत नाही, कोणी कायदा मोडत नाही, आणि तरीही शहराचे नुकसान होत राहते. सचोटीचा म्हणून निवडून आलेला एक व्यावसायिक असा बदलताना मी पाहिला आहे. पहिल्या वर्षी तो प्रत्येक विषयावर टिपणे काढून यायचा. तिसऱ्या वर्षी नगररचनेचा विषय निघाला की तो खाली पाहून कागद चाळत बसायचा. त्याने लाच घेतली असे मी म्हणणार नाही, कारण मला तसे वाटत नाही. त्याला फक्त बोलणे परवडेनासे झाले होते.

सगळ्यांत अवघड जागा विकास आराखड्याची असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली आराखड्यात किरकोळ फेरबदल सुचवण्याचे ठराव महासभेपुढे येतात. एखाद्या खेळाच्या मैदानाचे किंवा बागेचे आरक्षण उठवून ती जागा निवासी करायची, असा ठराव असेल आणि त्या जागेचा मालक तुमचा जुना ग्राहक असेल, तर तुम्ही काय कराल? निळ्या पूररेषेच्या आतील बांधकामावरील निर्बंधांचा विषय निघाला आणि तिथे तुमच्याच हातचे नकाशे असले, तर? गुंठेवारीचेही तसेच. 2001 च्या कायद्याने सुरू झालेले आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना खुले झालेले नियमितीकरण हे आपल्या शहरातील हजारो साध्या कुटुंबांच्या जिव्हाळ्याचे आहे. तुमच्याकडे अशा फायली असणारच. ज्या कामासाठी तुम्ही शुल्क घेता, त्याच कामासाठी नगरसेविका म्हणून लोकांना फुकट मदत करण्याचे कर्तव्य तुमच्यावर येईल. ही दोन्ही कामे एकाच टेबलावर होऊ शकत नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा आहे. उभ्या राहा, पण निवडून आल्यास पाच वर्षे सांगली, मिरज आणि कुपवाड या महापालिका क्षेत्रातील परवान्याची, भोगवट्याची आणि गुंठेवारीची नवी कामे घेणार नाही, असे प्रचाराच्या पहिल्याच सभेत लेखी जाहीर करा. हातातील कामांची यादी करून ती दुसऱ्या अभियंत्याकडे, मोबदल्यात हिस्सा न ठेवता, सोपवा. ती पतीच्या, भावाच्या किंवा कार्यालयातील सहकाऱ्याच्या नावावर करणे म्हणजे सोपवणे नव्हे. व्यवसाय पूर्ण बंद करावा असे मी म्हणत नाही. नगरसेविकेच्या मानधनावर घर चालत नाही, आणि उत्पन्नाचे सरळ साधन असलेली व्यक्ती सभागृहात अधिक मोकळेपणाने बोलते. महापालिका क्षेत्राबाहेरची कामे, संरचनेचे आराखडे, खासगी देखरेख हे सगळे तुम्हाला चालू ठेवता येईल. तरीही एखाद्या जुन्या ग्राहकाच्या हिताचा विषय सभेपुढे आलाच, तर संबंध जाहीर करा, चर्चेत बोलू नका, मत देऊ नका आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा. ही किंमत मोठी आहे, याची मला जाणीव आहे. ती द्यायची तयारी नसेल तर उभ्या राहू नका. आहात तिथे उत्तम अभियंता म्हणून राहणेही शहराच्या उपयोगाचेच आहे.

पक्ष की अपक्ष, हा हिशेबाचा प्रश्न आहे. आपल्या महापालिकेत 2018 ची निवडणूक 20 प्रभाग आणि 78 जागा अशी झाली. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते. 2011 च्या जनगणनेनुसार या क्षेत्राची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती, म्हणजे एका प्रभागात साधारण 25 हजार लोक आले. मतदाराला अ, ब, क आणि ड अशा प्रत्येक जागेसाठी एकेक मत असते आणि पक्ष चौघांचे पॅनेल करून उतरतात. तुमच्या गल्लीचा विश्वास तुमच्या बाजूने असला, तरी प्रभागाच्या दुसऱ्या टोकाला तुम्हाला कोणी ओळखत नाही. तिथे पॅनेलमधल्या इतर तिघांची ओळख कामाला येते. अपक्षाला हे सगळे अंतर स्वतःच्या पायांनी कापावे लागते. पन्नास टक्के आरक्षणामुळे चार सदस्यांच्या प्रभागात दोन जागा महिलांच्या असतात, आणि खुल्या जागेवरही तुम्हाला लढता येते. त्यामुळे आरक्षणाची सोडत झाल्याशिवाय कोणालाही शब्द देऊ नका.

पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्र, घेतला की त्याच्या पोटात पक्षादेश (व्हिप) येतो, हेही ध्यानात असू द्या. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986 नुसार पक्षादेश डावलून मतदान केल्यास सदस्यत्व जाऊ शकते. अपक्ष म्हणून निवडून येऊन नंतर पक्षात जाणेही याच कायद्यात अडकते. म्हणून दोन्ही पक्षांच्या स्थानिक नेत्यांना समोरासमोर एकच विचारा : 'मैदानाचे किंवा बागेचे आरक्षण उठवण्याच्या ठरावावर माझे मत विरोधी असेल, तर तुम्ही पक्षादेश काढाल का?' उत्तर काय येते यापेक्षा ते द्यायला किती वेळ लागतो, हे पाहा.

प्रचाराची लढाई तुम्हाला नको असेल तर स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढता नेमणुकीने येणारा, सदस्य हा दुसरा रस्ता आहे. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, अभियंता अशा अनुभवी व्यक्तींसाठीच ती तरतूद केलेली आहे. स्वीकृत सदस्याला सभेत बोलता येते, मत देता येत नाही आणि महापौर होता येत नाही. पण या जागा पक्षीय संख्याबळावर वाटल्या जातात आणि पडलेल्या किंवा तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्यांची सोय म्हणून वापरल्या जातात, हे अनेक शहरांत दिसते. शिवाय तुमची कहाणी उंबऱ्याला लावलेल्या पोत्यांपासून सुरू झाली आहे. त्या बाईंच्या मताने निवडून आलेली नगरसेविका आणि पक्षाने आणून बसवलेली सदस्या यांच्या शब्दाला सभागृहात सारखे वजन नसते.

प्रश्न : आम्ही मिरजेत राहतो. आमचे कुटुंब-डॉक्टर, ज्यांचे छोटे रुग्णालय आहे, महापालिकेला उभे राहणार आहेत. त्यांच्या प्रतीक्षालयात आता त्यांचा फोटो असलेली पत्रके ठेवलेली असतात आणि माझ्या आईच्या मोबाइलवर त्यांच्या प्रचाराचे संदेश येतात. तो नंबर आम्ही फक्त केसपेपरवर दिला होता. आईला मधुमेह आहे, तिचे उपचार 11 वर्षे त्यांच्याकडेच आहेत. मत दुसऱ्याला द्यावेसे वाटते, पण त्यांना कळले तर, या भीतीने ती अस्वस्थ आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : आईंना आधी निर्धास्त करा. मतदान यंत्रातून केंद्रनिहाय आकडे बाहेर येतात. कोणी कोणाला मत दिले हे उमेदवाराला, त्याच्या प्रतिनिधीला किंवा केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. एखाद्या केंद्रावर कमी मते पडली म्हणून कोणी अंदाज बांधत बसला, तर तो अंदाजच राहतो.

नंबरच्या बाबतीत मात्र तुमची तक्रार रास्त आहे आणि ती तुम्ही डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावी. केसपेपरवरचा मजकूर उपचारासाठी दिलेला असतो. वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या आचारविषयक नियमांनी रुग्णाच्या माहितीची गुप्तता राखण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले आहे. रुग्णांच्या यादीची प्रचारयादी करणे त्या भावनेला धरून नाही. बहुधा हा उद्योग त्यांच्या उत्साही कार्यकर्त्यांनी केला असेल. म्हणून आधी भांडण न करता, 'डॉक्टरसाहेब, आईचा नंबर प्रचाराच्या यादीतून काढा,' एवढे दोन ओळींच्या चिठ्ठीत लिहून द्या. चांगला डॉक्टर ते वाचून खजील होईल आणि यादी बंद करील.

ते उमेदवार म्हणून कसे आहेत, हा विचार वेगळा करा. डॉक्टर सभागृहात असणे मला आवडेल. डेंग्यूची साथ, पुरानंतरचे पाणी शुद्ध करणे, महापालिकेचे दवाखाने आणि प्रसूतिगृहे या विषयांवर जाणकाराने बोलण्याची मोठी गरज आहे. पण वरच्या पत्रातील अभियंता ताईंसारखीच त्यांचीही एक अवघड जागा आहे : खासगी रुग्णालयांची नोंदणी व नूतनीकरण महापालिकेचा आरोग्य विभागच करतो. आपल्याच रुग्णालयाची तपासणी करणाऱ्या विभागावर ते नगरसेवक म्हणून देखरेख कशी ठेवणार, हे त्यांना दारावर मत मागायला आल्यावर विचारा. बाहेरच्या खोलीत विचारा, तपासणीच्या टेबलावर नको; तिथे ते उमेदवार नाहीत आणि तुम्ही मतदार नाही. आचारसंहितेच्या काळात त्यांच्या नावाच्या फलकाखाली मोफत तपासणी शिबिर लागले, तर आईंना तिथे नेऊ नका. गरज वाटल्यास निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी कळवा.

आणि निवडणुकीनंतर त्यांच्या वागण्यात कडवटपणा जाणवलाच, तर 11 वर्षे झाली म्हणून अडकून पडू नका. वैद्यकीय नोंदींची प्रत लेखी मागितली की 72 तासांत द्यावी, असे त्याच 2002 च्या नियमांत आहे. रक्तशर्करेचे जुने अहवाल, चालू औषधांची मात्रा आणि डोळे व मूत्रपिंडाच्या शेवटच्या तपासण्या एवढे कागद हातात असले, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे आईंचे उपचार खंड न पडता सुरू राहतील.